स्नॅपशॉट, नाइटली, डेव्ह-मेन: हलत्या डिपेंडन्सी बिल्डमध्ये घ्यायच्याच असतील तर

"स्नॅपशॉट वापरूच नका" हा सल्ला द्यायला काही लागत नाही. (स्नॅपशॉट म्हणजे रिलीजआधीचं, नाव तेच ठेवून आतून बदलत राहणारं व्हर्जन; नाइटली म्हणजे रोज रात्री बनणारा बिल्ड, आणि डेव्ह-मेन म्हणजे थेट मेन ब्रँच.) पण शेजारच्या टीमने एपीआय बदललाय, त्यांचं रिलीज पुढच्या महिन्यात आणि आपला डेमो शुक्रवारी, मग काय करणार, घेणारच ना स्नॅपशॉट. किंवा एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीतला बग मेन ब्रँचवर कधीचा दुरुस्त होऊन पडलाय पण मेंटेनर मंडळी काही केल्या टॅग टाकत नाहीयेत, तेव्हा गिटवरून थेट उचलावं लागतं. त्यामुळे वापरू नका असं मी इथे कुठेच सांगणार नाहीये.

सांगायचंय ते एवढंच की डिपेंडन्सीचं, म्हणजे आपला कोड ज्या लायब्ररीवर किंवा टूलवर अवलंबून आहे तिचं, नाव हललं तरी हरकत नाही, त्या नावामागचे बाइट्स आपोआप हलता कामा नयेत. हलवायचे तर कुणीतरी माणसाने बघून, कमिट करून हलवावेत, बिल्ड सर्व्हरने रात्री परस्पर नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. मुख्य उदाहरण मॅव्हन आणि ग्रेडल या जावाच्या बिल्ड टूलचं घेतोय कारण हा प्रकार तिथे सगळ्यात जास्त मुरलाय, पण पायथन, एनपीएम, कंपोजर, कार्गो वाल्यांसाठीही जागोजागी लिहिलंय.

आधी स्नॅपशॉटच्या पोटात काय असतं ते बघा

पॉममध्ये, म्हणजे मॅव्हनच्या कॉन्फिग फाइलीत, तुम्ही बिलिंग-कोअर, व्हर्जन १.४.०-स्नॅपशॉट असं लिहिता. सर्व्हरवर मात्र या नावाची फाइल सहसा नसतेच. दर वेळी कुणी डिप्लॉय केलं की मॅव्हन "स्नॅपशॉट" या शब्दाच्या जागी तारीख, वेळ आणि बिल्ड नंबर घालतो, म्हणजे खरी फाइल १.४.०-२०२५०३१४.०९२२१०-३१ अशी काहीतरी असते. हा ३१वा डिप्लॉय, १४ मार्च २०२५ चा, आणि ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे आपल्याकडे दुपारी २ वाजून ५२ मिनिटं झाली होती (चॅटमध्ये "सकाळचा बिल्ड की दुपारचा" असा वाद घालण्याआधी साडेपाच तास मिळवत जा). शेजारी एक मेटाडेटाची एक्सएमएल फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की सध्या ताजा कुठला. तुमचा मॅव्हन आधी ती वाचतो आणि मग ती सांगेल ती जार (कंपाइल केलेल्या जावा कोडची फाइल) उचलतो.

म्हणजे काय, तर तुमच्या पॉमचं एक अक्षरही न बदलता तुमच्या बिल्डमध्ये काय येणार हे दुसऱ्या सर्व्हरवरची एक छोटी फाइल ठरवते आणि ती फाइल बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो तुमच्या बिल्डमध्ये कोड घालू शकतो. ही सुरक्षेची गोष्ट झाली. रोजच्या त्रासाची गोष्ट वेगळी, मॅव्हनची अपडेट पॉलिसी मुळात "डेली" असते त्यामुळे तुमचा लॅपटॉप दिवसातून एकदाच नवीन आहे का बघतो, सीआयचा (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरचा) कंटेनर मात्र दर वेळी कोरा असल्यामुळे दर वेळी ताजा घेतो, आणि मग "माझ्याकडे तर चालतंय" वरून अर्धा दिवस जातो. ग्रेडलमध्येही तसंच, बदलत्या मोड्यूलची कॅश २४ तास धरून ठेवली जाते. त्यावर लोक काय उपाय करतात, तर कॅपिटल यू चा फ्लॅग लावून सगळे स्नॅपशॉट जबरदस्तीने ताजे करायचे, आणि हळूच तो फ्लॅग सीआयच्या स्क्रिप्टमध्ये कायमचा जाऊन बसतो. तो आधी काढा. पुढचं सगळं केलंत की त्याची गरज उरत नाही.

पायरी १: नक्की काय काय हलतंय त्याची यादी

डिपेंडन्सी प्लगइनचा ट्री काढा आणि त्यात स्नॅपशॉट शोधा, एवढं सगळेच करतात. पण ट्रीमध्ये प्लगइन येत नाहीत. पॅरेंट पॉम, इम्पोर्ट केलेले बीओएम (व्हर्जनची यादी देणारे पॉम) आणि बिल्ड एक्स्टेन्शनही त्यात दिसतील या भरवशावर राहू नका, पॉम हाताने उघडून बघा. प्लगइनसाठी त्याच डिपेंडन्सी प्लगइनचा रिझॉल्व्ह-प्लगइन्स हा गोल आहे तो वेगळा चालवा. प्लगइनला मी एवढं का धरून बसलोय, तर लायब्ररीचा कोड ॲप्लिकेशन किंवा टेस्ट चालल्यावर चालतो, प्लगइनचा कोड बिल्ड सुरू झाल्या झाल्या चालतो, आणि तोही त्या मशीनवर जिथे डिप्लॉयचं टोकन, साइनिंगची की सगळं हाताशी असतं. स्नॅपशॉट प्लगइन बाहेरून येत असेल तर बाकी यादी नंतर, आधी तो काढा.

ग्रेडलमध्ये शोधायचं ते म्हणजे व्हर्जनमध्ये अधिकचं चिन्ह, "लेटेस्ट डॉट इंटिग्रेशन", आणि चेंजिंग म्हणून मार्क केलेली मोड्यूल. एनपीएममध्ये "नेक्स्ट", "कॅनरी", "बीटा" असले टॅग आणि थेट गिटच्या यूआरएल. कंपोजरमध्ये "डेव्ह-" ने सुरू होणाऱ्या ब्रँच आणि मुळाशी असलेली मिनिमम-स्टॅबिलिटी. पायथनमध्ये रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत गिटवरून ब्रँच, आणि डॉकरफाइलमध्ये कुठेतरी खाली लिहून ठेवलेला पिपचा "प्री" फ्लॅग. डॉकरफाइलवरून आठवलं, बेस इमेजचा "लेटेस्ट" टॅग आणि सीआयमध्ये वापरलेल्या तयार ॲक्शन्स याही यादीत घ्या, त्यांना कुणी डिपेंडन्सी म्हणत नाही पण त्या आहेतच.

प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: आपल्याच कंपनीतून येतंय की बाहेरून. दोघांचे धोके वेगळे आहेत आणि उपायही.

पायरी २: कुठून येणार ते एकच ठिकाण ठरवा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त घात इथेच होतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

२५ ते ३० डिसेंबर २०२२, नाताळच्या सुट्टीत पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीचा नाइटली बिल्ड लिनक्सवर पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) घेणाऱ्यांच्या मशीनवर एक भलतंच पॅकेज येत होतं. पायटॉर्च नाइटलीला टॉर्चट्रायटन नावाची डिपेंडन्सी लागायची, ती पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवर होती, पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर, त्या नावाचं काहीच नव्हतं. कुणीतरी पायपीआयवर त्याच नावाने पॅकेज टाकलं आणि लोकांचा पिप खरं सोडून ते उचलायला लागला. आतला कोड होम फोल्डरमधल्या पहिल्या हजार फाइली, एसएसएचच्या की, गिटची कॉन्फिग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असं सगळं गोळा करून डीएनएसच्या क्वेरीमधून बाहेर पाठवत होता. स्टेबल पायटॉर्च वापरणाऱ्यांना काही झालं नाही. नंतर पायटॉर्चने डिपेंडन्सीचं नाव बदलून पायटॉर्च-ट्रायटन केलं आणि पायपीआयवर त्या नावाने एक रिकामं पॅकेज ठेवून नाव अडवून ठेवलं.

यात कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता, कुठला सर्व्हर हॅक झाला नव्हता. पिपला "एक्स्ट्रा इंडेक्स" दिला की तो दोन्हीकडे शोधतो, आपलं घरचं कुठलं आणि परकं कुठलं हे त्याला कळत नाही. जवळपास दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, ॲलेक्स बिरसान या संशोधकाने हीच युक्ती ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल धरून ३५ हून जास्त कंपन्यांवर चालवून दाखवली होती, त्यांच्या आतल्या पॅकेजची नावं बाहेरच्या रजिस्ट्रीवर टाकून. म्हणजे माहीत नव्हतं असंही नाही.

तर करायचं काय. मॅव्हनमध्ये सेटिंग्जच्या एक्सएमएलमध्ये एक मिरर टाका जो सगळ्या रेपॉझिटरींना लागू होतो, म्हणजे मिरर-ऑफच्या जागी स्टारचं चिन्ह, आणि तो तुमच्या रेपो मॅनेजरकडे, म्हणजे नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीकडे वळवा. मग एखाद्या ट्रान्झिटिव्ह पॉममध्ये (डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीच्या पॉममध्ये) कुणी स्वतःची रेपॉझिटरी घुसवली असेल तरी मॅव्हन तिकडे जात नाही. रेपो मॅनेजरमध्ये रिलीज आणि स्नॅपशॉट यांच्या होस्टेड रेपो वेगळ्या ठेवा, "मिक्स्ड" पॉलिसी असते ती सोय म्हणून घेऊ नका. आणि तुमच्या कंपनीचा जो ग्रुप आयडी (पॅकेजच्या नावातला कंपनी दाखवणारा भाग) आहे तो बाहेरच्या प्रॉक्सीमधून कधीच येऊ शकणार नाही असा नियम घाला, नेक्ससमध्ये त्याला राउटिंग रूल म्हणतात, आर्टिफॅक्टरीमध्ये एक्सक्लूड पॅटर्न. ग्रेडलमध्ये हे बिल्ड फाइलीतच करता येतं, एक्सक्लूझिव्ह कंटेंट वापरून सांगायचं की हा ग्रुप फक्त याच रेपोतून, आणि बाहेरच्या रेपोंना "रिलीजेस ओन्ली" लावून टाकायचं.

मॅव्हन सेंट्रलवर रिलीज एकदा टाकलं की बदलत नाही आणि ग्रुप आयडी मिळवायला डोमेन आपलं आहे हे सिद्ध करावं लागतं, त्यामुळे जावावाले या बाबतीत थोडे नशीबवान. एनपीएमवर आतली पॅकेज स्कोपशिवाय (नावाआधीच्या कंपनीच्या नावाशिवाय) ठेवली असतील तर स्कोप घ्या आणि तो बाहेरच्या रजिस्ट्रीवरही आपल्या नावाने अडवून ठेवा. पायथनमध्ये एक्स्ट्रा इंडेक्स बंद, एकच इंडेक्स यूआरएल आणि तो तुमच्या रेपो मॅनेजरचा. यूव्ही (पिपसारखंच पायथनचं टूल) वापरत असाल तर एखादा इंडेक्स "एक्सप्लिसिट" करून ठराविक पॅकेजलाच जोडता येतो, नाइटलीसाठी हे फार उपयोगाचं.

आणि हो, मॅव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीच्या रेपॉझिटरी मुळातच ब्लॉक आहेत. काही टीम अजून जुन्या व्हर्जनवर अडकल्यात त्या याच कारणाने, आतला सर्व्हर एचटीटीपीएसवर न्यायचा कंटाळा. तो कंटाळा झटका.

पायरी ३: नाव सोडा, नेमक्या गोष्टीला बांधा

आता मुख्य काम. मॅव्हनच्या व्हर्जन्स प्लगइनमध्ये लॉक-स्नॅपशॉट्स नावाचा गोल आहे, तो चालवला की पॉममधलं १.४.०-स्नॅपशॉट जाऊन तिथे त्या क्षणाचं टाइमस्टॅम्पवालं पूर्ण व्हर्जन येतं. अनलॉक-स्नॅपशॉट्स उलटं करतो. लॉक केलेलं पॉम कमिट करा. बस, आता सोमवारी जे बिल्ड झालं तेच गुरुवारी होतं आणि गिटच्या हिस्टरीत दिसतं की कुणी कधी पुढे सरकवलं.

फक्त एक भानगड आहे. बहुतेक रेपो मॅनेजरवर जुने स्नॅपशॉट साफ करणारी पॉलिसी लावलेली असते, काही दिवसांनी तो टाइमस्टॅम्प उडतो आणि तुमचा बिल्ड "सापडत नाही" म्हणून पडतो, तेही नेमका हॉटफिक्स काढताना. म्हणून जो स्नॅपशॉट आठवड्यापेक्षा जास्त लागणार आहे असं दिसतंय तो लॉक करून सोडू नका, स्वतःच्या कायमच्या व्हर्जनने पुन्हा पब्लिश करा, उदाहरणार्थ १.४.०-प्री-३१, आणि तो अशा रेपोत जिथे एकदा टाकलेलं परत टाकता येत नाही. जरा काम वाढतं, पण याचा दुसरा फायदा मोठा आहे: ग्रेडलमधलं डिपेंडन्सी व्हेरिफिकेशन, म्हणजे प्रत्येक जारचा एसएचए-२५६ हॅश (बाइट्सवरून काढलेला ठसा) एका फाइलीत लिहून ठेवायचा आणि जुळला नाही तर बिल्ड पाडायचा ती सोय, बदलत्या मोड्यूलना लागूच होत नाही. साहजिकच आहे, जे बदलणारच त्याचा हॅश काय तपासणार. कायमच्या व्हर्जनने आणलं की ते तपासणीखाली येतं.

मॅव्हनवाले म्हणतील आमच्याकडे चेकसम पॉलिसी आहे. आहे, पण मॅव्हन ३ मध्ये ती मुळात फक्त "वॉर्न" असते, लॉगमध्ये एक ओळ येते आणि ती कुणी वाचत नाही. कॅपिटल सी चा फ्लॅग लावून ती कडक करा. पण हेही लक्षात घ्या की जार आणि तिचा चेकसम एकाच सर्व्हरवरून येतात, जो जार बदलू शकतो तो चेकसमही बदलेल, म्हणजे डाउनलोड करताना फाइल खराब झाली तर कळेल, हल्ला झाला तर कळेलच असं नाही. खरा हॅश तो जो तुमच्या गिटमध्ये कमिट झालेला आहे.

गिटवरून थेट घेत असाल तर ब्रँच नको, टॅगही नको, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश. टॅग नको म्हटलं की लोक भुवया उंचावतात. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचं काय झालं बघा, २३ हजारांवर रेपॉझिटरी ती वापरत होत्या, हल्लेखोराने जुने व्हर्जन टॅग उचलून आपल्या कमिटवर नेऊन ठेवले आणि त्या कमिटने सीआयमधली गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली. पत्ता तोच, भाडेकरू बदललेला. ज्यांनी आधीपासून चांगल्या कमिट हॅशला बांधलं होतं ते बचावले. डॉकर इमेजला हाच नियम, टॅगऐवजी डायजेस्ट, म्हणजे इमेजचा हॅश.

बाकी टूलचं पटापट सांगतो. कंपोजरमध्ये मिनिमम-स्टॅबिलिटी "डेव्ह" करून सगळ्यांसाठी दार उघडू नका, एकाच पॅकेजला डेव्हचा फ्लॅग लावा, प्रेफर-स्टेबल चालू ठेवा, आणि सीआयमध्ये फक्त इन्स्टॉल, अपडेट कधीच नाही, कारण लॉक फाइलमध्ये कमिट असतो पण अपडेट केलं की तो पुढे सरकतो. पिपचा "प्री" फ्लॅग त्या कमांडमधल्या सगळ्याच पॅकेजना लागतो, तुम्हाला एकाचा आरसी (रिलीज कँडिडेट) हवा असतो आणि दहांचे बीटा येतात. त्याऐवजी त्या एका पॅकेजचं आरसी व्हर्जन नेमकं लिहा, तेवढं पिपला पुरतं, आणि रिक्वायर-हॅशेस चालू करा. एनपीएममध्ये "नेक्स्ट" टॅग हलतो पण त्यामागचं व्हर्जन हलत नाही, म्हणून पॅकेजच्या फाइलीत नेमकं व्हर्जन आणि सीआयमध्ये "एनपीएम सीआय". रस्टमध्ये गिट डिपेंडन्सीला "रेव्ह" द्या, आणि कंपायलरच नाइटली असेल तर टूलचेनच्या फाइलीत नुसतं "नाइटली" नको, तारखेसकट लिहा. गो वाल्यांनी हे आधीच नीट करून ठेवलंय, त्यांच्या स्यूडो-व्हर्जनमध्ये वेळ आणि कमिटची पहिली १२ अक्षरं दोन्ही असतात, शिवाय सार्वजनिक चेकसम डेटाबेस आहे. तुम्ही फक्त तो वैतागून बंद करून ठेवू नका.

पायरी ४: पुढे सरकवायचं काम वेगळं काढा

सगळं बांधून ठेवलं की कुणीतरी म्हणतं, मग ताजं कसं मिळणार. त्यासाठी एक वेगळा जॉब, रात्री किंवा सकाळी चालणारा, जो अनलॉक करतो, ताजं घेतो, परत लॉक करतो, टेस्ट चालवतो आणि पुल रिक्वेस्ट उघडतो. या जॉबकडे डिप्लॉयचं कुठलंही टोकन नको, पुल रिक्वेस्ट उघडता येईल इतकाच अधिकार, आणि तोही टेस्टच्या टप्प्यात नाही, टेस्ट संपल्यावर वेगळ्या टप्प्यात. अनोळखी कोड पहिल्यांदा चालतो तो इथेच, म्हणून.

रिव्ह्यू करणाऱ्याला काय दिसलं पाहिजे, तर जुना टाइमस्टॅम्प कुठल्या कमिटचा होता, नवा कुठल्या, आणि मधला फरक. त्यासाठी जारच्या मॅनिफेस्टमध्ये कमिट हॅश असायला हवा, जी टीम स्नॅपशॉट पब्लिश करते तिने तो घालायचा, गिट-कमिट-आयडी प्लगइनने होतं. हे नसेल तर तुम्ही दोन आकडे बघून "अप्रूव्ह" दाबताय, बाकी काही नाही.

घरच्या स्नॅपशॉटला लगेच घ्यायला हरकत नाही, तो त्यासाठीच असतो. बाहेरच्या गोष्टींना मात्र थोडं मुरू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग असल्या एनपीएमवरच्या प्रचंड वापरातल्या पॅकेजची विषारी व्हर्जन आली होती, ती काही तासांत काढली गेली, जे एक दिवस थांबले असते त्यांना पत्ताही लागला नसता. पीएनपीएमने त्याच महिन्यात, १०.१६ मध्ये, मिनिमम-रिलीज-एज नावाची सेटिंग आणली, ठराविक वेळेपेक्षा नवीन व्हर्जन घ्यायचंच नाही. यूव्हीमध्ये एक्सक्लूड-न्यूअर आहे.

पण हा रामबाण नाही हेही सांगतो. एक्सझेड या लिनक्सवरच्या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० मध्ये बॅकडोअर फेब्रुवारी २०२४ अखेर आला आणि डेव्हलपर अँड्रेस फ्रॉइंडला तो २९ मार्चला जाहीर करता आला, तेही एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्याला खटकलं म्हणून. आठवडाभर थांबून काही उपयोग झाला नसता. आणि फटका कुणाला बसला, तर डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलवाल्यांना, फेडोराच्या रॉहाइडवाल्यांना, म्हणजे ताजं घेणाऱ्यांनाच. त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती, बॅकडोअर चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होता. त्यामुळे बाहेरची महत्त्वाची लायब्ररी मेन ब्रँचवरून हवीच असेल आणि तुमच्यात तेवढी ताकद असेल तर कमिटवरून स्वतः बिल्ड करा आणि स्वतःच्या रेपोत टाका, दुसऱ्याने बांधून ठेवलेलं गाठोडं नको.

पायरी ५: बिल्ड मशीन

इथे सगळ्यात आधी एक लपलेला प्रकार. मॅव्हनचं "इन्स्टॉल" जार लोकल रेपोत टाकतं, टाइमस्टॅम्पशिवाय. जेन्किन्स या सीआय टूलच्या एकाच एजंटवर (बिल्ड मशीनवर) सगळे जॉब एकच होम वापरत असतील तर फीचर ब्रँचच्या जॉबने इन्स्टॉल केलेला बिलिंग-कोअर मेन ब्रँचचा जॉब बिनदिक्कत उचलतो, कारण लोकल फाइल जास्त ताजी. चुकून झालं तर विचित्र बग, कुणी मुद्दाम केलं तर पुल रिक्वेस्ट उघडून मेनच्या बिल्डमध्ये कोड. प्रत्येक जॉबला लोकल रेपो वेगळा द्या, मॅव्हनला तो पाथ प्रॉपर्टीने देता येतो, आणि जिथे फक्त तपासायचंय तिथे "इन्स्टॉल" न करता "व्हेरिफाय" वर थांबा. निम्म्या पाइपलाइनमध्ये "क्लीन इन्स्टॉल" हे केवळ सवयीने लिहिलेलं असतं.

स्नॅपशॉट डिप्लॉय करायचा अधिकार किती जणांकडे आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी कंपनीचं लॉगिन असलेला कुणीही लॅपटॉपवरून डिप्लॉय करू शकतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, "स्नॅपशॉटच तर आहे". तोच स्नॅपशॉट मग दहा टीमच्या सीआयवर चालतो. डिप्लॉयचं टोकन फक्त सीआयकडे, तेही मेन ब्रँचच्या जॉबला, बाकी सगळ्यांना वाचण्यापुरतं. यावर थोडी आरडाओरड होईल, होऊ द्या.

एनपीएममध्ये इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद करा, इग्नोर-स्क्रिप्ट्स, आणि ज्या एक-दोन पॅकेजला खरंच लागतात त्यांच्यापुरत्या चालवा. पीएनपीएम १० पासून डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट मुळातच बंद आहेत. सप्टेंबर २०२५ चा शाई-हुलुड नावाचा वर्म इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमधूनच गुपितं शोधायचा आणि सापडलेल्या टोकनने त्या माणसाच्या बाकी पॅकेजमध्ये स्वतःला घालून पब्लिश करायचा. गिट डिपेंडन्सीबद्दल तर जास्तच सावध, ती बसवताना एनपीएम तिची "प्रिपेअर" स्क्रिप्ट चालवतं हे अनेकांना ठाऊक नसतं.

बाहेर जाणारं नेटवर्क फक्त रेपो मॅनेजर आणि गिट सर्व्हरपुरतं ठेवा, आणि त्यात डीएनएसही धरा. टॉर्चट्रायटनचा माल डीएनएसमधूनच गेला होता, नुसता एचटीटीपीएसवर पहारा बसवून तो थांबला नसता.

पायरी ६: रिलीजला मात्र काहीच हलतं नको

डेव्हलपमेंटला सूट, रिलीजला नाही, आणि हे लोकांच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. मॅव्हनचं रिलीज प्लगइन प्रिपेअरच्या वेळी स्नॅपशॉट सापडला तर थांबतं, पण आता बरेच लोक ते प्लगइन न वापरता सीआयमधून थेट व्हर्जन बदलून डिप्लॉय करतात, तिथे ही तपासणी होतच नाही. म्हणून एन्फोर्सर प्लगइनचा रिक्वायर-रिलीज-डेप्स हा नियम लावा, त्यात "ओन्ली व्हेन रिलीज" चालू केलं की रोजच्या कामात तो आडवा येत नाही. पॅरेंट स्नॅपशॉट असेल तर तोही पकडतो. प्लगइन मात्र पकडत नाही, त्यासाठी रिक्वायर-प्लगइन-व्हर्जन्स वेगळा लावा. ग्रेडलमध्ये रिझोल्यूशन स्ट्रॅटेजीत "फेल ऑन नॉन-रिप्रोड्यूसिबल रिझोल्यूशन" ही एक ओळ डायनॅमिक आणि चेंजिंग दोन्ही अडवते.

सोबत प्रत्येक बिल्डची एसबीओएम (आत काय काय गेलं त्याची यादी) काढून बिल्डशेजारी ठेवा, सायक्लोनडीएक्सचं प्लगइन मॅव्हनलाही आहे ग्रेडलला पण. आत्ता ती कुणी उघडणार नाही, तिची गरज पुढच्या पायरीत आहे.

प्रत्येक बांधलेल्या प्री-व्हर्जनशेजारी पॉममध्ये एक कमेंट: का घेतलं, कुणाला विचारायचं, काय झालं की काढायचं. तिकिटाचा नंबर असेल तर उत्तम. दोन वर्षांनी "हे प्री-३१ काय आहे, हात लावू का नको" असं विचारणारा तुम्हीच असणार.

पायरी ७: आणि तरीही काही शिरलंच तर

बातमी आली की अमुक पॅकेजचं अमुक व्हर्जन विषारी आहे, किंवा आतल्या कुणाचं डिप्लॉय टोकन फुटलं. पहिली धाव लोक पॉम बदलायला घेतात. थांबा, आधी रेपो मॅनेजरवर ते व्हर्जन ब्लॉक करा म्हणजे नवीन कुणाला मिळणार नाही, पण लगेच डिलीट करू नका, एक प्रत बाजूला काढून ठेवा, तपासायला लागेल.

मग एसबीओएममधून शोधा कुठल्या बिल्डमध्ये ते गेलं होतं. एसबीओएम नसेल तर सीआयचे लॉग, मॅव्हन डाउनलोड केलेल्या फाइलीचं नाव टाइमस्टॅम्पसकट छापतो, तेवढ्यावरही काम होतं, फक्त लॉग पुरेसे दिवस ठेवलेले हवेत आणि त्या जॉबने ते खरंच डाउनलोड केलेलं हवं, कॅशमधून आलं असेल तर ती ओळ नसते. त्यानंतर ज्या ज्या जॉबने ते उचललं त्या जॉबला दिसत असलेली सगळी गुपितं बदला, "त्याने ती वाचली असतील का" यावर मीटिंग न घेता. डिप्लॉय टोकन, क्लाउडची की, साइनिंग की, गिटचं टोकन. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर आलं असेल तर त्याची एसएसएच की पण.

यानंतर कॅश, आणि त्या एकाच ठिकाणी नसतात: रेपो मॅनेजरची प्रॉक्सी, सीआयची डिपेंडन्सी कॅश, प्रत्येक एजंटचा लोकल रेपो, आधीच बनलेल्या डॉकर लेयर, आणि लोकांचे लॅपटॉप. लॅपटॉपसाठी सगळ्यांना मेसेज टाकताना "मॅव्हनचा लोकल रेपो साफ करा" एवढंच लिहू नका, नेमकं कुठलं फोल्डर उडवायचं ते लिहा, नाहीतर निम्मे लोक चुकीचं काहीतरी करतील आणि उरलेले करणारच नाहीत. हे सगळं झालं की मग पॉम उघडून शेवटच्या चांगल्या टाइमस्टॅम्पवर परत जा. तो तुमच्या गिटच्या हिस्टरीत लिहिलेला असेल, तिसरी पायरी केली असेल तर.